छंदाची मोजपट्टी कोणाच्या मापाची?

पुरुषांना छंद असतात, बायकांना नुसती आवड असते. हे वाक्य याच शब्दांत तुम्ही ऐकलं नसेल, पण याच्या आसपासचं काहीतरी नक्की ऐकलं असणार. पुरुष एकदा ट्रेकिंगच्या, कॅमेऱ्याच्या, जुन्या नाण्यांच्या मागे लागला की पार खोलात शिरतो. बायका थोडं हे, थोडं ते करतात आणि सोडून देतात, असा त्याचा मथितार्थ. कधी हे वाक्य कट्ट्यावरच्या गप्पांत येतं, कधी एखाद्या बातमीच्या मथळ्यात, आणि कधी चक्क शोधनिबंधाच्या निष्कर्षात. पहिल्या दोन ठिकाणी आपण ते हसून सोडून देऊ शकतो. तिसऱ्या ठिकाणी मात्र थांबून विचारावं लागतं, की हे मोजलं कसं?

आज तेच बघायचंय. स्त्री-पुरुषांच्या छंदांत फरक दिसतो हे मी नाकारत नाही. तो फरक माणसांत किती आहे आणि मोजपट्टीत किती, एवढाच प्रश्न आहे.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. मराठीत या एका गोष्टीला किती शब्द आहेत बघा: छंद, नाद, वेड, हौस, आवड, विरंगुळा. पण ते कोणाला लावायचे याची वाटणी ठरलेली आहे. 'त्याला गड-किल्ल्यांचा नाद आहे', 'गाड्यांचं वेड आहे' असं आपण म्हणतो. तिच्याबद्दल बोलताना 'फार हौशी आहे हो', 'तेवढाच विरंगुळा' असं येतं. नाद माणसाला ओढून नेतो, घराबाहेर काढतो, पैसे खर्च करायला लावतो. विरंगुळा कामं उरकल्यावर करायचा असतो. गंमत म्हणजे 'हौशी' हाच शब्द नाटकाला लागला की त्याचं वजन वाढतं. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा असते, तिथे महिनोन्‌महिने तालमी चालतात आणि 'हौशी' म्हणजे कच्चं असं तिथे कोणी मानत नाही. शब्द एकच, पण तो अंगणातल्या रांगोळीला लावला की हलका होतो.

आता संशोधनाकडे येऊ. फावल्या वेळाच्या अभ्यासात रॉबर्ट स्टेबिन्स या कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञाला टाळून पुढे जाता येत नाही. 1982 मध्ये त्यांनी एक संकल्पना मांडली. तिला आपण 'गंभीर फुरसत' म्हणू. टीव्ही बघणं, गप्पा मारणं, लोळणं ही साधी फुरसत. आणि वर्षानुवर्षं कौशल्य कमावत केलेला छंद म्हणजे गंभीर फुरसत. ती ओळखायच्या त्यांनी सहा खुणा दिल्या: अडचणी आल्या तरी चिकाटी, टप्प्याटप्प्याने पुढे जाणारी वाटचाल, खास ज्ञान किंवा प्रशिक्षण घेऊन केलेली मेहनत, टिकाऊ फायदे, त्या मंडळींचं स्वतःचं एक जग, आणि त्या कामाशी जोडलेली 'मी कोण' ही ओळख.

स्टेबिन्स यांचं श्रेय आधी मोकळेपणाने देऊ. त्यांच्यामुळे छंद हा विषय टिंगलीतून बाहेर आला. हौशी माणूस म्हणजे अर्धवट व्यावसायिक नव्हे, त्याच्याकडे स्वतःची शिस्त असते, हे त्यांनी दाखवलं. पण त्यांनी सुरुवातीला कोणाचा अभ्यास केला ते बघा. 1979 च्या त्यांच्या पुस्तकात हौशी नाट्यकर्मी, हौशी पुरातत्त्वप्रेमी आणि हौशी बेसबॉल खेळाडू आहेत. या तिन्हीत मंडळ असतं, वेळापत्रक असतं, घराबाहेरची जागा असते आणि तुम्ही किती पुढे गेलात हे चारचौघांना दिसतं. अशा उदाहरणांतून खुणा काढल्या की पुढच्या शोधात तशीच माणसं जास्त ठळक दिसणार.

करून बघा. पोस्टाची तिकिटं जमवणारे एक काका डोळ्यांसमोर आणा. अल्बम आहेत, कॅटलॉग आहे, प्रदर्शन आहे, क्लब आहे. सहाच्या सहा खुणा पाच मिनिटांत सापडतील. आता गोधडी शिवणारी एक मावशी घ्या. जुन्या लुगड्यांतून कोणता कपडा वर घ्यायचा, कोणता आत घालायचा, टाका कडेने सुरू करून मध्याकडे कसा आणायचा, हे ज्ञान तिने तीस वर्षांत कमावलंय. चिकाटीबद्दल तर विचारूच नका. पण क्लब? तिचा क्लब म्हणजे दुपारचं अंगण. प्रदर्शन? नातवाच्या पाळण्यात. वाटचाल? पहिल्या गोधडीतले टाके आणि विसाव्या गोधडीतले टाके शेजारी ठेवले तर दिसेल, पण पहिली गोधडी आता आहे कुठे? ती पांघरून पांघरून विरली. तिकीट अल्बममध्ये जपलं जातं, गोधडी वापरली जाते. म्हणजे दोघांच्या गांभीर्यात फरक नाही, पुराव्यात आहे. आणि संशोधक शेवटी पुराव्यावरच चालतो.

इथे कोणी म्हणेल, संकल्पना बाजूला ठेवा, सरळ वेळ मोजा. मिनिटं तर खोटं बोलणार नाहीत! ठीक आहे, मोजू.

भारतात 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशव्यापी वेळवापर सर्वेक्षण केलं. सुमारे 1.39 लाख घरं, सहा वर्षांवरची 4.47 लाख माणसं, आणि प्रत्येकाच्या 24 तासांचा हिशोब. संस्कृती, फुरसत, माध्यमं आणि खेळ या गटात भाग घेणाऱ्या पुरुषांचा दिवसाचा सरासरी वेळ आला 164 मिनिटं आणि बायकांचा 165. म्हणजे बायका एका मिनिटाने पुढेच! हा आकडा पहिल्यांदा पाहिला की माणूस चक्रावतो. कारण त्याच सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ 299 मिनिटं आहे आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा 97. पुढे 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. दोघांचाही वेळ थोडा घटला, दरी जवळपास तेवढीच राहिली.

मग फुरसत सारखी कशी? याचं एक उत्तर असं की बायकांचं नोकरी-व्यवसायातलं प्रमाण खूप कमी आहे, त्यामुळे सरासरीत घरकामाचा भार तिथे फिटतो. पण माझा मुद्दा वेगळा आहे. या 164 आणि 165 च्या पोटात काय आहे? या गटात टीव्ही, मोबाइल, नुसता आराम, खेळ आणि छंद सगळं एकत्र बसतं. त्यातून छंद वेगळा काढायला गेलं की वर्गीकरणाची पुढची गोम लक्षात येते.

अशा सर्वेक्षणांसाठी संयुक्त राष्ट्रांचं 2016 चं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात. त्यात छंदांना स्वतंत्र जागा आहे. पण घरच्या वापरासाठी कपडे वगैरे बनवणं हे 'स्वतःच्या वापरासाठी उत्पादन' या विभागात जातं. कुंड्या आणि बागेची निगा घरकामात जाते. आता सांगा, आवडीने, नमुने शोधून, रंग जुळवून नातवाला स्वेटर विणणारी आजी कुठे नोंदवायची? तिला विचारलं तर म्हणेल, 'स्वेटर करतेय.' नोंद घेणाराही तेच लिहील. स्वेटर ही वापरायची वस्तू, म्हणून उत्पादन. त्याच वेळी आजोबा शब्दकोडं सोडवत असतील तर ते फुरसतीत. कोणाचा हेतू वाईट नाही. पण बायकांचे बरेच छंद उपयोगी वस्तूत संपतात, आणि उपयोगी वस्तू दिसली की वर्गीकरण तिला काम म्हणतं.

हे उलट बाजूनेही लागतं, तेही सांगायला हवं. घरातली दुरुस्ती, रंगकाम, खिळे-हातोडीची कामं त्याच वर्गीकरणात घरकामात मोडतात. रविवारी हौसेने कपाट दुरुस्त करत बसलेल्या बाबांचा छंदही तिथे हरवतो. फरक एवढाच की असं हरवणं बाबांच्या वाट्याला रविवारी येतं, आजीच्या वाट्याला रोज.

दुसरी गोम एकाच वेळी चालणाऱ्या कामांची. आपल्या सर्वेक्षणात दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत विभागला होता आणि एका खणात जास्तीत जास्त तीन कामं लिहिता येत होती. हे चांगलंच आहे. पण तुमच्या घरातली दुपार आठवा. हातात विणकाम, कुकरच्या शिट्ट्यांकडे कान, पोराच्या गृहपाठावर नजर. याला फुरसत म्हणायचं का? अमेरिकेतल्या आकडेवारीवर मॅटिंगली आणि बियांकी या दोन संशोधक महिलांनी 2003 मध्ये नेमकं हेच तपासलं. नुसती मिनिटं न मोजता फुरसतीचा दर्जा बघितला, तर बायकांची फुरसत जास्त भेसळीची निघाली. तिच्यात दुसरं काम मिसळलेलं असतं, मुलं सोबत असतात. खोलात शिरायला अखंड वेळ लागतो. दहा-दहा मिनिटांचे बारा तुकडे आणि सलग दोन तास यांची बेरीज सारखीच येते, पण त्या तुकड्यांत सतार शिकता येत नाही. म्हणून 'बायका थोडं हे, थोडं ते करतात' यात स्वभाव किती आणि घड्याळ किती, हे आधी वेगळं करावं लागेल. ते न करता स्वभावावर बोट ठेवणारा पेपर दिसला की मी पद्धतीचं प्रकरण दोनदा वाचते.

तिसरं पुस्तक इतिहासाचं. स्टीव्हन गेल्बर यांचं अमेरिकेतल्या छंदांवरचं पुस्तक 1999 मध्ये आलं. त्यांचा युक्तिवाद मला पटतो: औद्योगिक समाजात छंद म्हणजे कामापासून सुटका वाटते खरी, पण तो कामाचीच मूल्यं घरात आणतो. तिकिटं जमवणारा माणूस नकळत बाजारच खेळत असतो. भाव, दुर्मीळता, देवाणघेवाण सगळं तेच. छंदांची संग्रह आणि हस्तकला अशी विभागणीही ते करतात. हे वाचताना मला पुण्यातल्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवत राहतं. दिनकर केळकर (1896–1990), म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी एकट्याच्या ध्यासाने उभा केलेला हा संग्रह आज 20,000 हून अधिक वस्तूंचा आहे. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलंय. पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. आणि वस्तू कोणत्या? दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, भरतकाम. म्हणजे घराघरांत बायकांच्या हाताखालून गेलेलं कितीतरी.

केळकरांचे उपकार मोठे आहेत, त्यांनी जमवलं नसतं तर यातलं बरंच मोडीत गेलं असतं. पण संग्रह आणि हस्तकला यांचं नातं इथे काचेमागे उभं आहे. जमवणाऱ्याचं नाव दारावर असतं, भरतकाम करणारीचं नाव बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसतं. गेल्बर दोन प्रकार शेजारी ठेवतात. त्यांतल्या कोणाचं नाव उरतं हा प्रश्न त्यांनी आणखी पुढे न्यायला हवा होता.

मग चांगलं संशोधन कसं दिसतं? मेरीबेथ स्टाल्प यांचं 2007 चं अमेरिकन गोधडीकर बायकांवरचं पुस्तक बघा. स्टाल्प यांनी किती गोधड्या शिवल्या एवढंच विचारलं नाही. वेळ, जागा आणि पैसा घरात कसा मिळवता, हे विचारलं. त्यातून कळलं, की काही बायका विकत घेतलेलं कापड घरच्यांपासून लपवून ठेवतात. विचार करा, जी गोष्ट लपवावी लागते ती 'तुमचा छंद कोणता?' या प्रश्नाच्या उत्तरात येईल का? तिथे उत्तर येतं, 'छंद कसला, वेळ कुठे असतो!' आणि सर्वेक्षणाच्या कोष्टकात 'छंद नाही' असा एक आकडा वाढतो.

याचे परिणाम कोष्टकापुरते राहत नाहीत. बायकांना छंद कमी, असं एकदा आकड्यांनी सिद्ध झालं की मैदान, वाचनालय, सभागृह यांच्या वेळा कोणाच्या सोयीने ठरतात? घरात जास्तीची खोली झाली तर ती कोणाच्या टेबलाला मिळते? आपल्याकडे मंगळागौरीचे खेळ करणारे गट आता रंगमंचावर कार्यक्रम करतात. तालमी, गाण्यांचा साठा, एकसारखा पोशाख, ठरलेल्या तारखा, सगळं आहे. स्टेबिन्स यांच्या सहाही खुणा तिथे लागू होतात. त्या बायका एकाएकी गंभीर झाल्या नाहीत. त्यांना जागा, ठरलेली वेळ आणि एकमेकींची सोबत मिळाली, म्हणून गांभीर्य दिसू लागलं.

स्त्री-पुरुषांत जन्मजात फरक नाहीतच, असं मी या सगळ्यावरून म्हणत नाही. ते या आकड्यांवरून ना सिद्ध होतं, ना खोडता येतं. माझं म्हणणं एवढंच की मोजपट्टी तपासल्याशिवाय फरकाचं कारण सांगू नये.

तेव्हा पुढच्या वेळी असा मथळा दिसला तर तीन गोष्टी विचारा. छंद कशाला म्हटलंय? वेळ सलग मोजलाय की तुकड्यांची बेरीज केलीये? आणि वापरून संपणाऱ्या कलेची नोंद कुठे झालीये? तिन्हींची उत्तरं मिळाली तर निष्कर्ष जरूर वाचा. नाही मिळाली, तर घरातल्या एखाद्या मावशीला 'छंद कोणता' असं न विचारता, 'हे शिकलीस कोणाकडून?' असं विचारून बघा. उत्तराला वेळ लागेल, जरा निवांत बसा.