गाऱ्हाणं निकाली निघालं, पण दुरुस्त काय झालं?

लोकायुक्त म्हटलं की आपल्याला मोठा घोटाळा आणि अण्णा हजारेंचं उपोषण आठवतं. पण महाराष्ट्राचा १९७१चा कायदा वाचला तर त्यात दोन वेगळे कप्पे दिसतात: आरोप आणि गाऱ्हाणं. आरोप म्हणजे भ्रष्टाचार, पदाचा गैरवापर. गाऱ्हाण्यासाठी कोणी पैसे खाल्लेच पाहिजेत असं नाही. फाईल विनाकारण पडून राहिली आणि माणसाला त्रास झाला, तरी पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कामाची पद्धतच उशीर करणारी असेल तर तोही दोष धरलाय.

समजा, भुसावळच्या एका निवृत्त तलाठ्याचं पेन्शन अडकलंय. नोकरीतली बदली, पगार, शिस्तभंग हे विषय लोकायुक्तांकडे चालत नाहीत. पेन्शन, ग्रॅच्युइटी चालते. मात्र प्रकार कळल्यापासून बारा महिन्यांत जायला हवं. त्याच्या शेजारच्या रेल्वेवाल्याचं पेन्शन अडकलं तर हे दार बंद, कारण रेल्वे केंद्राची. आपल्या गावात हा फरक बऱ्याच जणांना लागू पडतो.

चौकशीत साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रं मागवता येतात. शेवटी मात्र हातात उरते ती शिफारस. विभागाने दाद दिली नाही, तर राज्यपालांना विशेष अहवाल आणि पुढे तो विधिमंडळासमोर.

'या पदाला दात नाहीत' ही टीका नेहमीचीच. मला ती अपुरी वाटते. ओम्बुड्समन ही कल्पना स्वीडनने १८०९मध्ये आणली. तिथेही मुख्य हत्यार जाहीर टीका हेच आहे. ती कारणांसकट उघड होते, म्हणून इतर अधिकारीही सावध होतात. आपल्याकडे चौकशी गोपनीय असते. निकाली निघालेल्या प्रकरणांचा सारांश बाहेर देण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती लोकायुक्तांच्या मर्जीवर. माझा आक्षेप इथे आहे.

प्रयोगशाळेत एक रीडिंग चुकलं तर आपण ते पुन्हा घेतो. दहा रीडिंग एकाच बाजूला चुकली तर उपकरण तपासतो. दहा पेन्शन एकाच टेबलावर अडकत असतील आणि दहाही गाऱ्हाणी सुटी सुटी निकाली निघत असतील, तर अकरावं येणारच.

डिसेंबर २०२२मध्ये विधानसभेने नवं लोकायुक्त विधेयक मंजूर केलं. चर्चा झाली ती मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणण्याची. ते हवंच. पण नावं झाकून, कोणत्या कार्यालयात कोणत्या कारणाने काम अडतं याचा सारांश दरवर्षी छापणं बंधनकारक केलं, तर तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग होईल.