ओवीतली सीता आणि पडद्यावरची सीता

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा राज्य भीषण दुष्काळात होरपळत होते. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम या केंद्राने तळमळीने केला. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाभोवती तर प्रेक्षकांची मंडळे उभी राहिली. पण सत्तरच्या दशकात हे प्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या परिसरापुरतेच होते. परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच्यासाठी केलेला कार्यक्रम दिसतच नव्हता. १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याच्या प्रयोगात सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे होती. त्यात मराठवाड्यालगतच्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावे होती, महाराष्ट्र नव्हता.

परभणीकडे छोटा पडदा आला तो ऐंशीच्या दशकात, कमी शक्तीच्या प्रक्षेपकांच्या लाटेबरोबर. आणि सुरुवातीला तो प्रामुख्याने दिल्लीचे हिंदी कार्यक्रम घेऊन आला. मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ या मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांच्या आठवणींनी लिहिला जातो. तो मुंबई-पुण्याचा इतिहास आहे. मराठवाड्याने एकत्र बसून पाहिले ते ‘रामायण’.

२५ जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी ही मालिका लागू लागली. तिच्या आधारग्रंथांत पैठणच्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही होते. मात्र पैठणहून गोदावरी पुढे गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी येते आणि या काठच्या बायकांनी जात्यावर रचलेले रामायण वेगळे आहे. ओव्यांतल्या सीतेला वनात धाडले जाते, ती एकटी बाळंत होते, आणि दळणारी बाई तिची बाजू घेते. मालिकेचे निर्माते रामानंद सागर यांच्या पुढच्या ‘उत्तर रामायण’ मालिकेत सीता पतीच्या लौकिकासाठी आपणहून घर सोडते. अन्याय गळून पडतो, त्याग तेवढा उरतो. पिठाच्या गिरण्यांनी जाती आधीच थांबत आली होती. अशा वेळी घरोघरच्या मुलींसमोर आदर्श म्हणून आली ती ही तक्रार नसलेली सीता. सुरुवातीच्या दूरचित्रवाणीने मूल्ये घडवली ती अशी, भाषणाविना.

राजकारणाबद्दल मात्र सावधपणे बोलले पाहिजे. १९८९मध्ये परभणीतून शिवसेनेचे अशोकराव देशमुख लोकसभेवर गेले. त्याचे श्रेय मालिकेला देणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. गावोगावच्या शाखा, काँग्रेसवरचा राग आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने दुभंगलेली गावे ही कारणे मालिकेहून जुनी होती. १९७८च्या नामांतर दंगलीच्या वेळी तर मराठवाड्यात दूरदर्शन पोहोचलेलेही नव्हते. मालिकेने उमेदवार निवडून दिला नाही. धार्मिक प्रतिमांना सरकारी माध्यमाची प्रतिष्ठा मात्र दिली.

सरपंचाच्या ओट्यावर किंवा शेजाऱ्याच्या ओसरीत बसून ‘रामायण’ पाहणाऱ्या बायका आज सत्तरीपुढे आहेत. त्यांतल्या अनेकींना ओव्या आणि मालिका दोन्ही आठवत असतील. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि पत्रकारिता विभागांनी त्यांच्याकडे जावे आणि त्यांच्याच शब्दांत हे सारे नोंदवून घ्यावे.