गुरूचा गळा आणि आपला आवाज

मागच्या वेळी आपण मैफलीतल्या श्रोत्याविषयी बोललो. आज विषय त्याच्या समोर बसलेल्या माणसाच्या गळ्याचा आहे. जाहिरातीत विषय वाचून बरेच जण वही-पेन घेऊन आलेले दिसतायत. त्यांना आधीच सांगतो, आवाज गोड करण्याचे घरगुती उपाय आज मिळणार नाहीत. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या हे तुमच्या घरात आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. (हशा) आम्हाला आज एका जुन्या कल्पनेची तपासणी करायची आहे. ती कल्पना म्हणजे 'आवाज कमावणं'.

हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार मानाचा आहे. पण कमावायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि कमावलेला आवाज शेवटी कोणाचा असतो, हे आपण विचारत नाही. आमचं म्हणणं थोडक्यात असं की आपण पुष्कळदा आवाज कमावत नाही, दुसऱ्याचा आवाज उसना घेतो. आणि त्याचं व्याज आपला गळा भरतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी आली. वय एकोणीस, सहा वर्षं गाणं शिकलेली. तक्रार अशी की तासाभराच्या रियाजानंतर घसा बसतो. आम्ही पट्टी विचारली. म्हणाली, पांढरी चार. का? तर क्लासमध्ये तीच असते. आता तिथली अडचण समजून घ्या. गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारणपणे काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, बाईचा काळी चार-काळी पाचच्या आसपास. काळी एक आणि काळी चार यांत षड्ज-पंचमाचं अंतर आहे. क्लासात मुलं-मुली एकत्र, पेटी एक, शिक्षक एक, म्हणून तोडगा निघतो मधला. पांढरी चार. त्या तोडग्यात मुलींना खाली मंद्र पंचम सापडत नाही, मुलांना वर तार पंचम गाठताना मानेच्या शिरा ताणाव्या लागतात. दोघांचीही सोय झाली असं वाटतं आणि दोघांचीही गैरसोय झालेली असते. मुलगी म्हणाली, 'सर म्हणतात, खर्ज भर, आवाज खाली उतरेल.' सहा वर्षं ती न उतरणारा आवाज उतरवत होती. तिला आम्ही काळी चारवर गायला लावलं, तर ती आधी लाजली. 'हा माझा आवाज नाही वाटत,' म्हणाली. हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. स्वतःचा आवाज ऐकून माणसाला परकं वाटावं, इथपर्यंत शिक्षण पोहोचू शकतं.

विशारदपर्यंत गेलेली मुलं रागाचा वादी-संवादी झोपेत सांगतील. पण स्वतःची पट्टी कशी ठरवलीस असं विचारा, उत्तर येतं, 'सरांनी दिली.' पट्टी काय गणवेशासारखी देण्याची गोष्ट आहे?

यावर कुणी म्हणेल, हा परंपरेचाच दोष आहे. घराणं म्हणजेच नक्कल. आम्हाला हे मान्य नाही. परंपरेतली मोठी माणसं नीट पाहिली तर उलटंच दिसतं.

अल्लादिया खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज गेला आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, असं सांगितलं जातं. त्यांनी जुन्या आवाजासाठी रडत बसण्यापेक्षा हाती राहिलेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी घडवली, असं जाणकार मानतात. पुढे कोल्हापुरात आणि मुंबईत त्यांनी शिष्य तयार केले. त्यांतल्या दोघी गोव्याच्या, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. आता या दोघींची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐका. केसरबाईंचा तो भरदार, खुला आकार, सभागृह व्यापून टाकणारा. मोगूबाईंचा आवाज तुलनेनं लहान, पण लयीच्या अंगानं चालणारं बंदिस्त काम. गायकी एक, गळे दोन. म्हणजे गुरूनं रागाचा विचार दिला, तानेची बांधणी दिली, लयीची शिस्त दिली. स्वतःच्या गळ्याची अडचण मात्र शिष्यांच्या गळ्यात घातली नाही.

किराण्याकडे बघा. सवाई गंधर्वांचा आवाज मुळात सहज फिरणारा नव्हता. मैफलीच्या आरंभी तो जड, खरखरीत लागायचा आणि गाता गाता मोकळा व्हायचा, असं ऐकलेली माणसं सांगत. त्यांचे तीन शिष्य म्हणजे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर. या तिघांच्या आवाजात एकमेकांशी काय साम्य आहे? जवळजवळ काहीच नाही. गंगूबाईंचा तर आवाजच मध्ये बदलला. त्यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रिका ऐकली तर पातळ, उंच, बायकी आवाज आहे. नंतर घशाचा आजार आणि त्यावरचे उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, जाड झाला. इतका की पुढे लोक त्याला मर्दानी म्हणू लागले. गंगूबाईंनी तो लपवला नाही. त्या आवाजाला साजेल असा संथ, ठाम स्वर लावत गेल्या आणि त्यातून जे उभं राहिलं ते दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

आणि कुमार गंधर्व. लहान वयात ते मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात, हे सर्वश्रुत आहे. नक्कल हाच ज्याचा पहिला पराक्रम, तो मुलगा मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला आला. देवधरांचा आवाज-साधनेचा अभ्यास होता, त्या विषयावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पुढे कुमारांना क्षयरोग झाला, १९४८ साली ते माळव्यात देवासला गेले आणि जवळपास पाच वर्षं गाणं बंद राहिलं. स्ट्रेप्टोमायसिनसारखं औषध नुकतंच उपलब्ध झालं होतं, म्हणून जीव वाचला. पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी. पुन्हा गायला बसले तेव्हा लांबच लांब पल्ल्याच्या आलापीला लागणारा श्वास नव्हता. त्यांनी छोटे, टोकदार स्वरसमूह घेतले आणि मधल्या शांततेलाही गाण्यात जागा दिली. श्वासाच्या मर्यादेतून त्यांनी एक नवं व्याकरण तयार केलं.

आता आमचा टीकेचा मुद्दा. कुमारांच्या नंतर त्यांच्यासारखं गाणाऱ्यांची एक लाटच आली. दोन्ही फुफ्फुसं धडधाकट असलेली तरुण मुलं अर्ध्या श्वासात स्वर तोडायला लागली. वर फेकलेला स्वर, मग एकदम हळू, मग विराम. बघा, त्या विरामात कुमारांची गरज होती, विचार होता. या मुलांची गरज काय? त्यांनी कुमारांचं गाणं घेतलं नाही, कुमारांची जखम घेतली. भीमसेनजींच्या नकलाकारांचं तसंच. चेहरा, हात, मुरडलेलं तोंड सगळं येतं, फक्त त्यामागचा दमसास येत नाही. अशा मैफलींना टाळ्या पडतात, कारण ओळखीचा आवाज ऐकू आल्याचा श्रोत्याला आनंद होतो. म्हणजे या दोषात श्रोते म्हणून आपणही वाटेकरी आहोत.

जुन्या ग्रंथकारांना हे कळत नव्हतं असं नाही. तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकरा'त शार्ङ्गदेवानं 'शारीर' नावाची कल्पना मांडलीय. अभ्यासाशिवायही राग प्रकट करण्याची आवाजातली जी शक्ती, ती शारीर. कारण ती शरीराबरोबरच जन्मते. याचा अर्थ काहींनी असा घेतला की आवाज ही देणगी, ज्याला मिळाली त्याला मिळाली. आम्ही तो असा वाचतो की आवाजाचा अभ्यास तुमच्या शरीरापासून सुरू व्हायला हवा, गुरूच्या शरीरापासून नव्हे. त्याच ग्रंथात गायकाचे पंचवीस दोष सांगितलेत. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, कापऱ्या आवाजात गाणारा, भलतंच तोंड वासून गाणारा. नीट पाहिलं तर यांतले कितीतरी दोष शरीरातल्या ताणाचे आहेत. सातशे-आठशे वर्षांपूर्वी ओळखलेला रोग आपण अजून 'रियाज कमी पडतो' म्हणून आणखी रियाजानं बरा करू बघतो.

आता गाण्याकडून बोलण्याकडे येऊ, कारण सभागृहात गाणाऱ्यांपेक्षा बोलणारे जास्त असणार. महाराष्ट्राला व्याख्यानाची मोठी परंपरा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. संगीत नाटकातल्या नटालाही शेवटच्या रांगेपर्यंत पद आणि संवाद पोहोचवावा लागे. अशोक दा. रानड्यांनी 'भाषणरंग' या पुस्तकात व्यासपीठ आणि रंगपीठ यांचा एकत्र विचार केला, तो म्हणूनच योग्य वाटतो. गाणाऱ्याचा आणि बोलणाऱ्याचा स्वरयंत्र नावाचा अवयव एकच आहे. तिथे मात्र आपण सोयीस्करपणे दोन खाती उघडली: गाण्याला रियाज, बोलण्याला काहीच नाही.

आणि इथेही उसनवारी आहेच. निवेदकाचा एक 'ठेवणीतला' आवाज असतो. खोल, जाड, शब्दाच्या शेवटी किंचित घसरणारा. सूत्रसंचालन करायला उभा राहिलेला कॉलेजातला पोरगाही तोच काढतो. भारदस्त वाटावं म्हणून आवाज दाबून खाली नेतो. पुरुषाचे स्वरतंतू साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, बाईचे २०० च्या आसपास. ही गती तंतूंच्या लांबी-जाडीवर आणि ताणावर ठरते. लांबी-जाडी शरीराची. तुम्ही बदलू शकता तो मुख्यतः ताण. म्हणजे खोटा खर्ज लावून तासभर बोलणारा माणूस तासभर घशाला चुकीच्या जागी धरून ठेवतो. शाळेतल्या शिक्षिकेचं दुखणं याच्या उलट. साठ मुलांच्या वर्गात, वर पंखा फिरतोय, बाहेर रस्ता, आणि तिला वरच्या पट्टीत ओरडावं लागतं. दिवसाला पाच-सहा तास. बी.एड.ला फळा कसा वापरायचा हे तिला शिकवलेलं असतं, गळा कसा वापरायचा हे बहुधा नसतं. ज्या अवयवावर तिची नोकरी आहे, त्याच्याबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नाही. याला आम्ही अन्याय म्हणतो.

मग करायचं काय? वही-पेनवाल्यांसाठी थोडंसं सांगतो.

पहिलं, आपली पट्टी शोधायची. पेटीवर किंवा मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर हळू आकारात खाली जा. जिथे आवाज नुसता वारा होतो त्याच्या वरचा स्वर लिहा. मग वर जा, जिथे हनुवटी उचलली जाते त्याच्या खालचा स्वर लिहा. या दोन टोकांत मंद्र पंचम ते तार मध्यम-पंचम आरामात बसेल असा षड्ज निवडा. हे एका दिवसात ठरत नाही, आठवडाभर रोज पाहा. बोलण्यासाठी याहून सोपी युक्ती आहे. कुणी काही सांगत असताना आपण सहज 'हं' म्हणतो ना, त्या 'हं'ची उंची लक्षात ठेवा. भाषणाची सुरुवात तिथून करा.

दुसरं, खर्ज-साधना टाकून देऊ नका, पण ती हळू आवाजात करा. सकाळी खालच्या स्वरांवर शांतपणे रेंगाळणं चांगलंच आहे. जोर लावून खाली ढकललेला खर्ज म्हणजे घशाची मारहाण.

तिसरं, श्वास खांदे उचलून घेऊ नका. बरगड्या आणि पोट फुगलं पाहिजे. आणि वाक्य संपायच्या आत श्वास संपत असेल तर वाक्य लहान करा. कुमारांकडून घ्यायचं असेल तर हे घ्या.

चौथं, आवाज बसला तर गप्प बसा. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, आणि सारखं खाकरणंही टाळा. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. घशाला गाठी आल्या असतील तर त्या आलापीनं जात नाहीत.

शेवटचं, स्वतःला ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्यांदा लाज वाटेल. आपल्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. यंत्रात ऐकू येतो तो जगाला ऐकू येणारा आवाज. त्याच्याशी ओळख करून घेतल्याशिवाय साधना सुरूच होत नाही.

त्या मुलीचं काय झालं, असं मघाशी पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. ती मोठी गायिका वगैरे झाली नाही. एका शाळेत शिकवते, संध्याकाळी काळी चारवर तासभर गाते, आणि घसा बसत नाही. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, आता क्लासच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला आवाज परका वाटतो.

आम्हाला एवढंच हवं होतं. आता प्रश्न विचारा. आणि माइक मागे पाठवा, उगाच ओरडू नका.