उक्ती आणि स्वर : ‘हार्ट ऑफ आइस’मधील स्वभावचित्रण

सुपरहीरोच्या कथेतील पात्रे या व्यक्ती नसून केवळ प्रकार असतात, असा आक्षेप या कथाप्रकारावर नेहमी घेतला जातो. नायक वेषावरून ओळखावा, खलनायक शस्त्रावरून. दोघांची झुंज आटोपली की कथा संपावी. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झालेल्या ‘बॅटमॅन : दि ॲनिमेटेड सीरीज’ या चित्रमालिकेला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. ब्रूस टिम व एरिक रॅडॉम्स्की यांच्या या मालिकेचे श्रेय सामान्यतः तिच्या काळोख्या चित्रशैलीस दिले जाते. तथापि तिच्यातील पात्रे जिवंत होतात ती प्रामुख्याने बोलण्यातून. पॉल डिनी यांनी लिहिलेला व टिम यांनी दिग्दर्शित केलेला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

मिस्टर फ्रीझ हे पात्र चित्रकथांत १९५९ मध्ये ‘मिस्टर झीरो’ या नावाने प्रथम आले, तेव्हा तो गोठविणारी बंदूक बाळगणारा एक चोर होता, इतकेच. डिनी यांनी त्याला पूर्ववृत्त दिले. व्हिक्टर फ्राइज या शास्त्रज्ञाने दुर्धर रोगाने ग्रासलेल्या पत्नीला, नोराला, उपाय सापडेपर्यंत गोठवून ठेवले आहे. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल हा प्रयोग बंद पाडतो. झटापटीत रसायने सांडतात आणि फ्राइजला यापुढे केवळ शून्याखालील तापमानातच जगणे शक्य होते. पुढे मूळ चित्रकथांनीही हे वृत्त स्वीकारले.

परंतु पूर्ववृत्त म्हणजे स्वभाव नव्हे. ते माहिती पुरविते; व्यक्ती घडवीत नाही. फ्रीझची व्यक्ती घडते ती मायकेल अन्सारा यांच्या सपाट, आघातहीन स्वरात. आपल्या भावना गोठून मेल्या आहेत, असे तो बॅटमॅनला सांगतो, आणि स्वर या विधानाला दुजोरा देतो. पण त्याच संभाषणात तो उन्हाळ्यातील दिवस, तोंडावर येणारा उष्ण वारा आणि हातात घ्यावयाचा उबदार हात यांची आठवण काढतो. म्हणजे विधान व स्वर एका बाजूस, तर शब्दांची निवड दुसऱ्या बाजूस, अशी फारकत पडते. नाकारलेली भावना नेमक्या नामांतून आणि विशेषणांतून परत येते. अखेरीस तुरुंगाच्या कोठडीत तो नोराला उद्देशून बोलतो, तेव्हा तोच उबदार हात पुन्हा येतो. उत्तर देऊ न शकणाऱ्या व्यक्तीला केलेले हे द्वितीयपुरुषी संबोधन त्याच्या एकाकीपणाचे सर्वांत नेमके व्याकरण आहे.

बॉइलचे चित्रण याच्या नेमके उलट आहे. मानवतावादी म्हणून ज्याचा सत्कार व्हावयाचा आहे त्याची वाणी ऊबदार, कृती मात्र गोठलेली. एकाच घटनेची दोन निवेदने येथे समोरासमोर ठेविली आहेत : बॉइल ब्रूस वेनला सांगतो ते, आणि बॅटमॅन ध्वनिचित्रफितीत पाहतो ते. केव्हिन कॉनरॉय यांनी वेन व बॅटमॅन यांना दोन भिन्न आवाज दिल्यामुळे हा भेद कानालाही जाणवतो. अखेरीस सर्दी झालेल्या बॅटमॅनला आल्फ्रेडने दिलेले गरम सूपच फ्रीझचे शिरस्त्राण फोडते. दुसऱ्याच्या घरातील माया त्याला पराभूत करते.

अशा चित्रणामुळे अपराधाला सहानुभूतीचे पांघरूण मिळते काय? या भागापुरते उत्तर नकारार्थी द्यावे लागते. स्वतःच्याच अस्त्राने जखमी झालेल्या साथीदाराला फ्रीझ मागे टाकून जातो, हे लेखक लपवीत नाही. बॅटमॅन त्याला पकडतो आणि बॉइलविरुद्धचा पुरावा वार्ताहराच्या हाती देतो. दुःखाचे स्पष्टीकरण आणि दोषमुक्ती यांतील अंतर येथे राखले गेले आहे.

या भागातील उणीव अन्यत्र आहे. ज्या रचनेत व्यक्तित्व वाणीने सिद्ध होते, तीत नोराला स्वतंत्र वाणी नाही. ती काचेमागील मूर्ती, किंवा काचेच्या गोलातील नर्तकीची बाहुली, एवढीच उरते. फ्रीझ हा प्रकारातून व्यक्तीकडे आला. ज्या स्त्रीच्या निमित्ताने आला ती मात्र निमित्तच राहिली. या कलाकृतीचे मोठेपण मान्य करूनच ही मर्यादा नोंदविली पाहिजे. कारण तिने स्वतःच घालून दिलेल्या कसोटीवर ती येथे अपुरी ठरते.