बीटा विरघळतो तेव्हा

कॉमन एमिटर ॲम्प्लिफायरचे गणित प्रश्नपत्रिकेत येते ते एका ओळखीच्या आकृतीसह. वर १२ व्होल्टचा पुरवठा, डावीकडे एकावर एक १० आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर, कलेक्टरला ४.७ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम आणि त्याला समांतर एक बायपास कपॅसिटर. खाली बीटाची किंमत दिलेली असते आणि परीक्षार्थीची नजर प्रथम तिच्याकडेच धावते. आपण मात्र ती किंमत हाताने झाकून ठेवू आणि आकृती सावकाश न्याहाळू. कारण या परिपथाची खरी गोडी बीटावाचून निभावण्याच्या त्याच्या कौशल्यात आहे.

डावीकडची जोडी आधी पाहा. बारा किलोओहममधून एक मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दोघांच्या सांध्यावर दोन व्होल्ट स्थिर उभे राहतात. बीटा १०० असला तरी बेसला या प्रवाहातले अवघे तेरा मायक्रोअँपिअर लागतात. एवढ्याने सांध्यावरचे व्होल्टेज फारसे ढळत नाही. एमिटर बेसपेक्षा ०.७ व्होल्टने खाली, म्हणजे १.३ व्होल्टवर, एक किलोओहममधून म्हणून १.३ मिलिअँपिअर. जवळजवळ तोच प्रवाह कलेक्टरच्या रेझिस्टरमधून जाताना ६.१ व्होल्ट सांडतो, आणि कलेक्टर ५.९ वर, पुरवठ्याच्या जवळजवळ मध्यावर, विसावतो. प्रयोगशाळेत नेहमी भेटणाऱ्या बीसी ५४७ चा बीटा ११० ते ८०० यांमध्ये कुठेही असू शकतो. तरी या मांडणीत कलेक्टरचा प्रवाह जेमतेम दोन टक्क्यांनी हलतो!

ही किमया त्या एक किलोओहमची. ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच प्रवाहासाठी बेस-एमिटरमधला दाब अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने कमी पुरतो, त्यामुळे प्रवाह वाढू पाहतो. पण तो वाढताच एमिटरचे व्होल्टेज वर सरकते, बेस तर जागचा हलत नाही, मग दोघांतले अंतर आपोआप आकसते आणि वाढू पाहणारा प्रवाह आवरला जातो. कोणी बाहेरून लक्ष ठेवायला नको. वाढीतूनच वाढीला लगाम मिळतो. बायसिंगच्या प्रकरणात हा रेझिस्टर एका ओळीत उरकला जातो याची मला नेहमी खंत वाटते, कारण ऋण प्रतिभरणाचे इतके निर्मळ दर्शन पुढच्या जाडजूड प्रकरणांतही क्वचितच घडते.

गायक तंबोरा जुळवून घेतो आणि मगच आलापाला हात घालतो, तसे डीसी ॲनालिसिस आधी आणि एसी नंतर. पहिल्या फेरीत सगळे कपॅसिटर तुटलेल्या तारा, दुसऱ्या फेरीत तेच अखंड तारा. आणि बारा व्होल्टचे टोक? ते चक्क ग्राउंड होते. प्रथमदर्शनी हे नवखा मुकाट्याने पाठ करतो, पण त्यातला अर्थ चाखण्यासारखा आहे: सिग्नलला फक्त बदल कळतो, आणि जे कधीच बदलत नाही ते त्याच्या लेखी शून्यच.

आता बायपास कपॅसिटर उचलून बाजूला ठेवू. एमिटरचा अंगभूत रोध २६ मिलिव्होल्ट भागिले १.३ मिलिअँपिअर, म्हणजे वीस ओहम. सिग्नलच्या वाटेत आता हजार आणि वीस ओहम उभे, म्हणून गेन ४७०० भागिले १०२०, अवघा ४.६. प्रवाहाला आवरणारा तोच रेझिस्टर सिग्नललाही आवरतो आहे. कपॅसिटर परत ठेवला की सिग्नलपुरता तो बाजूला होतो, डीसीपुरता मात्र पहाऱ्यावर राहतो. छेदात उरतात फक्त वीस ओहम, आणि आउटपुटला लोड नसेल तर गेन थेट २३५ वर पोचतो. मागे एक वजाचे चिन्ह: बेस वर जातो तेव्हा कलेक्टर खाली येतो.

इथे बहुतेक जण उत्तराभोवती चौकट काढून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. आपण आणखी क्षणभर थांबू. ते वीस ओहम ज्या भागाकारातून आले तो सूत्रात तसाच ठेवला, तर ४७०० ओहम आणि १.३ मिलिअँपिअर यांचा गुणाकार वर येतो, आणि तो म्हणजे कलेक्टरच्या रेझिस्टरवर सांडलेले आपले ६.१ व्होल्ट. गेन म्हणजे तेवढेच: ६.१ व्होल्ट भागिले २६ मिलिव्होल्ट. बीटा कुठेच नाही. ट्रान्झिस्टर कोणत्या कारखान्यात घडला, तो सिलिकॉनचा की जर्मेनियमचा, याचाही मागमूस नाही. आणि ते २६ मिलिव्होल्ट तरी कुठले? बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले केल्व्हिनमधले तापमान, भागिले इलेक्ट्रॉनचा भार. ज्या औष्णिक चळवळीने वायूचे रेणू धावतात, तिचेच हे माप, व्होल्टमध्ये मोजलेले. म्हणून २७ अंशांवर केलेले हेच सर्किट मे महिन्यातल्या नागपुरात ४५ अंशांवर नेले आणि कलेक्टरचा प्रवाह तेवढाच राखला, तर गेन साधारण पाच-सहा टक्क्यांनी उतरलेला दिसेल.