शुक्रनीतींतील अग्निचूर्ण : एका प्रमाणाचें परीक्षण

प्राचीन भारतांत तोफा-बंदुका होत्या काय, या वादांत शुक्रनीतीइतकी साक्ष दुसऱ्या क्वचितच एखाद्या ग्रंथाची काढली गेली असेल. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील संस्कृतचे प्राध्यापक गुस्ताव ऑपर्ट यांनीं इ. स. १८८० मध्यें प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर पुस्तक लिहिलें. आणि शुक्रनीतींत आलेल्या नालिकास्त्राच्या व अग्निचूर्णाच्या वर्णनावरून, बंदुकीची दारू मूळची याच देशांतली, असा सिद्धांत मांडला. पुढें १८८२ मध्यें त्यांनीं ग्रंथाची संहिताहि छापून प्रसिद्ध केली. उलट पक्षीं डॉ. प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ मध्यें आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत या भागाच्या प्राचीनत्वाविषयीं शंका घेतली. आणि १९६२ मध्यें लल्लनजी गोपाल यांनीं सबंध ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील आहे, असें प्रतिपादन केलें.

एवढें झाल्यावर वाद मिटला असें बहुतेक अभ्यासक समजतात. ग्रंथ प्राचीन नाहीं हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु ग्रंथाचें वय व त्यांत उतरलेल्या कृतीचें वय हे दोन निराळे प्रश्न आहेत. एका पक्षानें ही कृति ऋषींच्या काळीं नेऊन बसविली, तर दुसऱ्यानें ती ग्रंथाबरोबरच टाकून दिली. कृति स्वतः काय सांगते, हें मात्र फारसें कोणी विचारलें नाहीं.

कृतीचा आशय थोडक्यांत असा : सुवर्चि-लवण पांच पळें, गंधक एक पळ आणि रुई, निवडुंग इत्यादिकांचा धूर कोंडून भाजलेला कोळसा एक पळ घ्यावा, त्यांस निवडुंग, रुई व लसूण यांच्या रसाच्या भावना देऊन उन्हांत वाळवावें व साखरेसारखें दाणेदार करावें. नालास्त्राची दारू करावयाची असल्यास लवणाचे सहा किंवा चार भाग घ्यावे, गंधक व कोळसा पूर्ववत्. याखेरीज मनशीळ, हरताळ, हिंगूळ, लोहाचा कीस, कापूर, लाख इत्यादि द्रव्यें कमीअधिक मिसळून चांदण्यासारखा उजेड देणारीं नाना प्रकारचीं चूर्णें तज्ज्ञ लोक करतात, असेंहि ग्रंथकार सांगतो.

आतां या प्रमाणांचा हिशेब पाहूं. चार भागांच्या कृतींत सोरा शेंकडा सुमारें ६७, पांचांच्या कृतींत ७१ व सहांच्या कृतींत बरोबर ७५ पडतो. रसायनशास्त्राच्या गणितानें पूर्ण ज्वलनास लागणारा सोराहि शेंकडा ७५ च्या आसपासच येतो. "इतकें अचूक प्रमाण पाश्चात्त्यांपासूनच आलें असलें पाहिजे," असा आक्षेप यावर घेण्यांत येतो. हा आक्षेप आम्हांस लंगडा वाटतो. तेराव्या शतकांतील अरब लेखक हसन अल्-रम्माह याच्या कृतींतहि सोऱ्याचें प्रमाण इतकेंच चढलेलें आढळतें. जो कारागीर पिढ्यान् पिढ्या दारू कुटून उडवून पाहतो, त्याला हें प्रमाण तराजूनेंच सांपडतें. म्हणून केवळ आंकड्यावरून काळ ठरवूं नये. प्राचीनहि नाहीं आणि अर्वाचीनहि नाहीं.

खरी कसोटी निराळी आहे. कोणत्या नळीला कोणती दारू, हा निवड करण्याचा प्रश्न ग्रंथ कसा सोडवितो, तें पाहावें. लहान नळींत दारू झपाट्यानें पेटली पाहिजे. मोठ्या तोफेंत ती तशी पेटली तर नळीच फुटण्याचें भय. या अडचणीचे दोन उपाय इतिहासांत झाले. पहिला उपाय प्रमाण बदलण्याचा. इटलींतील बिरिंगुच्चो याच्या १५४० मध्यें छापलेल्या ग्रंथांत मोठ्या तोफेला सोरा कमी आणि हातांतील बंदुकीला तो जास्त, अशी वांटणी आहे. दुसरा उपाय दाण्याचा : प्रमाण एकच ठेवून तोफेला जाड कणी व बंदुकीला बारीक कणी द्यावयाची. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजांच्या सरकारी कारखान्यांत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० हें एकच प्रमाण रूढ होतें, आणि निवड मुख्यतः कणीवरून होत असे. एकोणिसाव्या शतकांत रायफलीची बारीक कणी व तिच्या तोफेची मोठी कणी अशीं निरनिराळीं नांवेंच पडलीं होतीं.

शुक्रनीतीची कृति स्पष्टपणें पहिल्या उपायाची आहे. दाणे करण्याची रीत तिला ठाऊक आहे. परंतु जाड-बारीक असा भेद ती करीत नाहीं. भेद करते तो चार, पांच व सहा भागांचा. एकोणिसाव्या शतकांत कोणी कंपनीचा कारखाना पाहून ही कृति रचली असती, तर तींत ७५, १५, १० हें माप आणि कणींचे भेद यावयास हवे होते. तीं दोन्ही नाहींत. सहा, एक, एक हें माप फ्रेंचांतहि रूढ होतें आणि फ्रेंच अंमलदार आपल्या दरबारांतून वावरले, हें खरें. परंतु चार व पांच भागांचा संसार आणि रसांच्या भावना यांचा उलगडा त्यानें होत नाहीं. भावना देण्याची रीत आपल्या वैद्यांची व रसशास्त्र्यांची आहे. कोळशासाठीं रुईसारखें हलकें झाड निवडण्यांतहि अनुभव दिसतो. हलक्या लांकडाचा कोळसा लवकर पेटतो, म्हणूनच युरोपांत विलो व हिंदुस्थानांत तुरीच्या काड्या पसंत केल्या जात.

उलट, कृतीला फार मागेंहि नेतां येत नाहीं. याच प्रकरणांतील लघुनालिकाच्या वर्णनांत यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणारा दगड सांगितला आहे. ही चकमकीची बंदूक होय, तोड्याची नव्हे. आणि चकमकीच्या बंदुकीचा प्रसार सतराव्या शतकापासूनचा. लवणाचें नांवहि विचार करण्याजोगें आहे. निघंटूंत सुवर्चिका ही सज्जीखाराच्या वर्गांतली. सज्जीखार घालून केलेलें चूर्ण कधींहि उडणार नाहीं. म्हणजे येथें जुनें नांव नव्या द्रव्याला लावलेलें आहे, आणि अर्थ ठरतो तो कोशावरून नव्हे, कार्यावरून.

मग ही कृति आली कोठून? आमच्या मतें ती आतषबाजी करणाऱ्याच्या टिपणांतून आली. हिंगूळ, हरताळ, कापूर व चांदण्यासारखा उजेड हा सर्व पसारा रणांगणाचा नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं भारतांतील आतषबाजीच्या इतिहासाचें संशोधन करतांना ओरिसाच्या गजपति प्रतापरुद्रदेवाच्या (इ. स. १४९७–१५४०) कौतुकचिंतामणींतील अशाच कृति उजेडांत आणल्या. त्या परंपरेंत हीं चूर्णें ठेवून पाहिलीं म्हणजे तीं परकीं वाटत नाहींत. सतराव्या-अठराव्या शतकांतील एखाद्या कारागिराचें टिपण पुढील काळच्या ग्रंथकारानें श्लोकबद्ध केलें, हें अनुमान आम्हांस अधिक सयुक्तिक दिसतें.

तुलनेसाठीं रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र पाहावें. तेथें दारूची कृति नाहीं. ती घरांपासून दूर, तळघरांत, भांड्यांतून ठेवावी, हवालदारानें आठां-पंधरा दिवसांनीं बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हां मुद्रा करावी, अशी ताकीद आहे. अशुद्ध सोरा हवेंतील ओल ओढतो, हें ज्याच्या किल्ल्यावर ऐन वेळीं दारू पेटली नाहीं त्यालाच कळतें. शुक्रनीतिकार कृति सांगतो. ती बिघडते कशी, हें सांगत नाहीं. प्रत्यक्ष व्यवहाराचें लेखन व ऐकीव ज्ञानाचें लेखन यांतील अंतर येथें दिसतें.

तात्पर्य, प्राचीनत्वाचा अभिमान सुटला म्हणून साधनाचें मोल सुटत नाहीं. पोथ्यांच्या गठ्ठ्यांतून वैद्यकाच्या नुसख्यांशेजारीं दारूच्या नुसख्यांचे सुटे बंद निघाले, तर ते क्षुल्लक म्हणून फेकूं नयेत. वजनाचें माप कोणतें, कोळसा कोणत्या झाडाचा, दाणा सांगितला आहे कीं नाहीं, आणि दारू तोफेची, बंदुकीची कीं बाणाची, या चार गोष्टी संग्राहकांनीं मुळाबरहुकूम टिपून ठेवाव्या. असे बंद एकत्र झाल्यावरच शुक्रनीतीच्या कृतीचा काळ अनुमानानें नव्हे, तर पुराव्यानें ठरेल. आणि तो ठरविण्याचा अधिकार मोठ्या ग्रंथांपेक्षां त्या मळक्या कागदांचा अधिक आहे.