भारतीय लेखामानक ११६ आणि इंटरग्लोब एव्हिएशनचे वित्तीय अहवाल : एक चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या विमान कंपनीच्या ताळेबंदात नोंदलेल्या विमानातून मरण्यापूर्वी एकदा तरी प्रवास करावा, अशी इच्छा आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी यांनी विनोदाने बोलून दाखविली होती. विनोदामागील आक्षेप मात्र गंभीर होता. शेकडो विमाने उडविणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदात त्यांपैकी बहुतेक विमानांचा मागमूसही नसे. ती ‘परिचालन भाडेपट्ट्या’ने घेतलेली असत, त्यांचे भाडे तेवढे वेळोवेळी खर्ची पडे आणि पुढील अनेक वर्षांचे बांधील देणे टिपणीत दडून राही. जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक १६ ने ही पळवाट बंद केली. त्याचेच भारतीय रूप म्हणजे भारतीय लेखामानक ११६ होय. ते ३० मार्च २०१९ रोजी अधिसूचित झाले व १ एप्रिल २०१९ पासून लागूही झाले. मसुदा आधीपासून चर्चेत असला, तरी अधिसूचना आणि अंमल यांत दोन दिवसांचेच अंतर असावे, ही बाब आपल्याकडील नियमनाच्या पद्धतीविषयी बरेच काही सांगून जाते.

‘इंडिगो’ या नावाने परिचित असलेल्या इंटरग्लोब एव्हिएशन लिमिटेड या कंपनीचा विचार या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो. २००५ मध्ये एकदम १०० एअरबस विमानांची मागणी नोंदवून ऑगस्ट २००६ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीची वाढ मुख्यतः ‘विकून परत भाड्याने घेणे’ या पद्धतीवर झाली. भाडे डॉलरमध्ये द्यावयाचे आणि तिकिटांचे उत्पन्न प्रामुख्याने रुपयांत मिळवावयाचे, अशी तिची रचना आहे. नव्या मानकाची कसोटी नेमकी येथेच लागते.

मानकाची कार्यपद्धती

नव्या मानकानुसार भविष्यातील निश्चित भाड्यांचे वर्तमान मूल्य काढून तेवढे ‘भाडेपट्टा दायित्व’ नोंदविले जाते आणि त्याच्या समोर ‘वापरहक्क मालमत्ता’ उभी राहते. बारा महिन्यांपर्यंतचे अल्पकालीन व अल्प मूल्याचे भाडेपट्टे यांतून वगळण्याची मुभा आहे. भाड्याचा खर्च नाहीसा होऊन त्याच्या जागी घसारा आणि व्याज येते. समजा, वर्षअखेर १०० डॉलर भाड्याने पाच वर्षांचा करार केला आणि वटावाचा दर १० टक्के धरला, तर दायित्व ३७९.०८ डॉलर होते. पहिल्या वर्षी घसारा ७५.८२ व व्याज ३७.९१ मिळून ११३.७३ डॉलर खर्ची पडतात, शेवटच्या वर्षी ८४.९१. एकूण खर्च ५०० डॉलरच राहतो, केवळ त्याची विभागणी बदलते. व्याज, कर व घसारा यांपूर्वीचा नफा या बदलाने आपोआप फुगतो, हे वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना सांगावयास नको.

संक्रमणासाठी मानकाने दोन मार्ग दिले होते. मागील वर्षांचे आकडे नव्याने मांडणे हा एक आणि संचित परिणाम आरंभीच्या राखीव निधीत एकदाच नोंदवून मागील आकडे तसेच ठेवणे हा दुसरा. दुसरा मार्ग सोपा आहे, पण त्यात शेजारशेजारच्या दोन स्तंभांतील आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

विनिमय दराचा प्रश्न

खरा प्रश्न याहून खोल आहे. भारतीय लेखामानक २१ नुसार डॉलरमधील दायित्व ही मौद्रिक बाब असल्याने प्रत्येक ताळेबंदाच्या दिवशी ते त्या दिवसाच्या दराने मांडावे लागते. वापरहक्क मालमत्ता मात्र अमौद्रिक असल्याने मूळ दरावरच गोठलेली राहते. म्हणजे रुपया घसरला की पुढील अनेक वर्षांच्या भाड्यांतील वाढ एकाच तिमाहीच्या नफा-तोटा पत्रकात येऊन आदळते.

जुलै ते सप्टेंबर २०१९ या तिमाहीत डॉलरचा भाव सुमारे ६९ रुपयांवरून ७०.७ रुपयांच्या आसपास गेला. तेवढ्यावर भाडेपट्टा दायित्वांच्या पुनर्मूल्यांकनाचा तोटा सुमारे ४२८ कोटी रुपये झाला आणि कंपनीने १,०६२ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा जाहीर केला. आदल्याच तिमाहीत १,२०३ कोटींचा नफा झाला होता. अर्थात, सारा दोष विनिमय दराचा नव्हता. विमानांच्या भावी देखभालखर्चाच्या अंदाजात केलेली वाढही त्यात होती आणि ही तिमाही एरवीही मंदीची असते. २०२२-२३ या वर्षी मात्र विनिमय दराने नफ्याचे चिन्हच पालटले. त्या वर्षाचा निव्वळ तोटा सुमारे ३०६ कोटी होता, पण चलनबदलाचा परिणाम वगळल्यास सुमारे २,६५४ कोटींचा नफा झाल्याचे कंपनीने सांगितले. जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा हेच घडले. जाहीर तोटा सुमारे २,५८२ कोटी, तर चलनपरिणाम वगळून सुमारे १०४ कोटी नफा.

असे दोन आकडे समोर आले की वृत्तपत्रे व विश्लेषक सहजच दुसऱ्याकडे झुकतात. पहिला ‘कागदी’ आणि दुसरा ‘खरा’, अशी समजूत रूढ होते. या समजुतीला हरकत घेणे आवश्यक आहे.

वरील उदाहरणच पुढे नेऊ. करार झाला त्या दिवशी डॉलर ७० रुपये होता आणि दुसऱ्याच दिवशी तो ८० रुपये होऊन पाच वर्षे तेथेच राहिला, असे मानू. कंपनी प्रत्यक्षात ४०,००० रुपये भाडे देईल. तिच्या पुस्तकांत घसारा जुन्या दराने सुमारे २६,५३६ रुपये आणि व्याज नव्या दराने सुमारे ९,६७४ रुपये, मिळून ढोबळमानाने ३६,२०९ रुपये पडतील. उरलेले ३,७९१ रुपये विनिमय तोटा म्हणून पहिल्याच वर्षी येतील. आता पाचही वर्षे ‘चलनपरिणाम वगळून’ नफा सांगितला, तर हे ३,७९१ रुपये कोणत्याच वर्षाच्या खर्चात कधीच दिसणार नाहीत. रोख मात्र ते गेलेले असतील. जुन्या मानकात निदान दर वर्षीचे ८,००० रुपये भाडे पूर्णपणे खर्ची पडत असे. म्हणजे समायोजित नफा हा नव्या मानकापेक्षाच नव्हे, तर ज्याच्यावर पळवाटीचा आरोप होता त्या जुन्या मानकापेक्षाही अधिक उदार ठरतो.

याचा अर्थ लेखापरीक्षित आकडा निर्दोष आहे, असा नव्हे. रुपया घसरल्यावर काही काळाने तिकिटांचे दरही वाढू शकतात. ते भावी उत्पन्न कोठेच धरले जात नाही आणि भावी खर्च मात्र आजच धरला जातो. दायित्व चालू दराने आणि मालमत्ता जुन्या दराने, ही अर्धवट व्यवस्था आहे. डॉलरमध्ये भरपूर उत्पन्न असलेली विमान कंपनी ते उत्पन्न संरक्षण-लेखांकनात बांधून हा धक्का सौम्य करू शकते. देशांतर्गत प्रवाशांवर अवलंबून असलेल्या कंपनीला तो मार्ग फारसा मोकळा नाही.

सवलतीचा जुना मार्ग

आपल्याकडे अशा प्रसंगी मानकच वाकविण्याची परंपरा आहे. रुपयाच्या घसरणीनंतर २००९ मध्ये लेखामानक ११ मध्ये दुरुस्ती करून दीर्घकालीन विदेशी कर्जावरील विनिमय फरक मालमत्तेच्या किमतीत मिळविण्याची मुभा देण्यात आली. तात्पुरती म्हणून आलेली ही सवलत पुढे वाढत गेली आणि भारतीय लेखामानक १०१ मध्येही संक्रमणापूर्वीच्या बाबींसाठी टिकून राहिली. २०१९ मध्ये नव्याने ताळेबंदात आलेल्या भाडेपट्टा दायित्वांना ती लागू होण्याचा प्रश्न नव्हता, कारण ती पूर्वी नोंदलेलीच नव्हती. ही सवलत पुन्हा खुली न करण्याचा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. कंपनीने डॉलरमधील देणे आणि रुपयांतील उत्पन्न ही रचना स्वेच्छेने स्वीकारली आहे. त्या रचनेतील जोखीम मासिक भाड्याच्या आड दिसत नव्हती. मानकाने ती दाखविली, एवढेच.

उणीव आहे ती प्रकटनाची. एका वर्षातील विनिमय तोट्यापैकी किती भाग त्याच वर्षी प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यांचा आणि किती पुढील वर्षांत द्यावयाच्या भाड्यांचा, अशी फोड ‘चलनपरिणाम वगळून’च्या एका ओळीत होत नाही. पहिला भाग वगळण्यास कोणतेही तात्त्विक समर्थन नाही, दुसऱ्याबाबत मतभेदाला जागा आहे. दायित्वांची मुदतवार विभागणी आणि चलनाबाबतची संवेदनशीलता वार्षिक अहवालाच्या टिपण्यांत द्यावी लागते, त्यावरून चिकाटीच्या वाचकाला स्थूल अंदाज बांधता येतो. तिमाही निकालांच्या विहित नमुन्यात अशा टिपण्यांना स्थान नाही, आणि बाजार तर तिमाही निकालच वाचतो.